तीन इंची गाडीला तोंड देताना

१:६४ स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शाएवढी, खेळण्यातली एक लाल गाडी दोन वर्षं माझ्या टेबलावर धूळ खात पडली होती. आकार सुरेख, पण तिला चेहराच नव्हता. हेडलाइटच्या जागी नुसता लाल उंचवटा, आणि मागचे दिवेही त्याच लाल रंगाखाली गाडलेले. या आकाराच्या साध्या डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या, गाड्यांत हे नेहमीच दिसतं. गाडीची प्रत्येक बाजू रंगवायची म्हणजे कारखान्यात छपाईची आणखी एक खेप. म्हणून बऱ्याचदा दोन्ही कुशींवर पट्टे आणि आकडे छापतात नि पुढचं-मागचं तोंड कोरं सोडून देतात. ते तोंड आपणच द्यायचं, असं एका रविवारी ठरवलं. बुडाचे रिवेट कापून गाडी उघडायच्या भानगडीत पडायचं नाही, हेही तेव्हाच ठरवून टाकलं.

सुरुवातच चुकली. टपावर, पुढच्या काचेला लागून एक चिकट डाग होता, तो मी नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसायला गेलो. डाग गेला, पण काचेच्या कडेला ढगाळ पांढरा चट्टा उमटला, तो आजही तसाच आहे. गाडीचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असलं तरी काचा प्लॅस्टिकच्या असतात आणि रिमूव्हरमधलं ॲसिटोन त्यांना खातं. धातूवरचा रंग आणि छापील आकडेही त्यानं निघतात. खरं तर कोमट पाणी, थेंबभर भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश एवढ्यावर काम झालं असतं. शेवटी त्यानंच गाडी धुतली, कापडानं कोरडी केली आणि मग फक्त चाकांना धरून उचलायची सवय लावून घेतली. बोटांचं तेल लागलं की पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग तिथे नीट बसत नाही.

हेडलाइटसाठी सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि तरीही चंदेरी रंगाचा थेंब बंपरवर ओघळला. ब्रशच्या केसांत रंग साठतो नि टेकवल्या क्षणी सगळा एकदम सुटतो. टूथपिकच्या टोकावर मात्र रंग मावतोच जेमतेम टिकलीएवढा. मध्ये टेकवायचा आणि कडेकडे हळूच ओढत न्यायचा. ओघळलेला रंग ओला होता तोवर दुसऱ्या, पाण्यात बुडवलेल्या टूथपिकनं खरवडून काढता आला. त्यानंतर ब्रश जवळजवळ खालीच राहिला. मागच्या दिव्यांना आधी चंदेरी थर दिला, तो वाळल्यावर वर पारदर्शक लाल. खऱ्या दिव्यातही लाल काचेमागे आरशासारखा परावर्तक असतो. तो खालून चमकला की अंगाच्या लालपेक्षा दिव्याचा लाल वेगळा दिसतो. सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त आनंद याच दोन ठिपक्यांनी दिला.

मग पॅनल लाइन, म्हणजे दरवाजे आणि बॉनेटच्या भोवतालच्या खाचा. काळा रंग पाण्यात पातळ करून खाचेत सोडायचा, असं मनात होतं. तो खाचेत शिरेचना! गुळगुळीत रंगावर पाण्याचे नुसते मणी होऊन बसले. त्यात साबणाचा एक थेंब टाकला आणि चमत्कार वाटावा असं झालं. टोक टेकवताच रंग आपोआप खाचेतून धावत दरवाजाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचला. साबणानं पाण्याच्या पृष्ठभागावरचा ताण मोडतो, बाकीचं काम केशाकर्षण करतं. मला तेवढा वेळ हातही हलवावा लागला नाही.

पण वाळल्यावर गाडी एखाद्या कार्टूनमधली दिसू लागली. का, ते हिशेब मांडल्यावर कळलं. खऱ्या गाडीत दरवाजाची फट ४ मिलिमीटरच्या आसपास असते. तिला ६४ नं भागलं तर ०.०६ मिलिमीटर येतात, म्हणजे साधारण केसाएवढी रेघ. खेळण्याच्या साच्यातली खाच इतकी बारीक नसते. ती ०.३ मिलिमीटर धरली, तरी खऱ्या गाडीवर जवळपास २ सेंटिमीटरची फट झाली. इतकी रुंद रेघ ठार काळी भरली तर डोळ्यात खुपणारच. ओल्या कापसाच्या काडीनं घासून सगळं पुसलं आणि काळ्याऐवजी गडद तपकिरी भरला. लाल अंगावर तो सावलीसारखा मुरला. पांढऱ्या गाडीवर राखाडी वापरला असता. ठार काळा ग्रिलच्या जाळीत आणि गाडीच्या पोटाखाली शोभतो, तिथे खरोखरच अंधार असतो.

चाकांना फारसा वेळ लागला नाही. टायरचं प्लॅस्टिक बूट-पॉलिश केल्यासारखं चकाकतं. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर गाडी चार वेळा पुढे-मागे ओढली, तेवढ्यात जमिनीला टेकणारी बाजू रबरासारखी निस्तेज झाली. रिमच्या कडेसाठी चंदेरी पेन हातात स्थिर धरलं आणि बोटानं चाक फिरवलं. पेन फिरवत बसलो असतो तर वर्तुळाचं अंड झालं असतं.

इथेच थांबायला हवं होतं. पण हात सैल सुटला होता, म्हणून खिडक्यांभोवतीचं काळं रबरही रंगवायला घेतलं. उजवी बाजू झकास जमली. डाव्या बाजूला मागच्या खिडकीपाशी शिंक आली.

तेव्हापासून गाडी टेबलावर उजवी कूस पुढे करून उभी असते. कोणी उचलून फिरवायला लागलं, की मी आधी मागचे दिवे दाखवतो.