ओढणीच्या दोन गाठी

सोमवार, रात्र

आज टीवायच्या वर्गात ‘पटकी’ म्हटलं तर कुणाला कळेना. मग मागच्या बाकावरची एक जण म्हणाली, “मॅडम, आजी चिडली की म्हणते, मेल्या, तुला पटकी येवो!” तीच पटकी. कॉलरा.

पटकीचा जंतू ओळखणारे रॉबर्ट कॉख सगळ्यांना पाठ होते. १८८४, कोलकाता, स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू. शंभुनाथ डे मात्र एकालाही ठाऊक नव्हते. दरवर्षी हेच होतं आणि दरवर्षी मला वाईट वाटतं.

पुस्तक मिटलं. ओढणीला वीतभर अंतरावर दोन गाठी मारल्या आणि म्हटलं, हे सशाचं आतडं. डे यांनी जंतू वाढवलेल्या द्रवातून जंतू गाळून काढले आणि उरलेला द्रव अशा बांधलेल्या तुकड्यात टोचला. दुसऱ्या दिवशी तुकडा पाण्यानं टम्म फुगलेला! जंतू नाहीत, तरी पटकीचं पाणी. म्हणजे घात करतं ते जंतूनं सोडलेलं विष. कॉखना विषाची शंका होतीच, पण ते सिद्ध व्हायला १९५९ उजाडलं. ७५ वर्षं! एकानं विचारलं, “गाठ किती घट्ट बांधायची?” असा प्रश्न आला की तास सार्थकी लागतो.

हे विष आतड्याचं अस्तर फाडत नाही, पेशींना क्षार आणि पाणी बाहेर टाकायला लावतं. साखरेच्या जोडीनं मीठ आत घेणारी वाट मात्र शाबूत राहते. म्हणून तर १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली.

गेल्या पावसाळ्यात धाकट्याला जुलाब लागले होते. रात्री दोन वाजता ओट्याशी उभी राहून मी ओआरएसची, म्हणजे त्याच मीठ-साखरेच्या पाण्याची, पुडी फोडली. तो एक चमचा घ्यायचा, तोंड फिरवायचा, मी थांबायचे, पुन्हा एक. पहाटे त्याला शू झाली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आतडं पाणी धरायला लागलं होतं.

डे यांना हयातीत आपल्याकडच्या एकाही विज्ञान अकादमीनं फेलो केलं नाही. १९८५ मध्ये ते गेले. हे सांगताना आज माझा आवाज चढला, मुलं गप्प झाली.

शुक्रवारच्या चाचणीत त्यांच्या प्रयोगावर पाच गुणांचा प्रश्न घातलाय. आकृतीसह.