नाणेघाट बघायला गेले, त्याआधीचे सत्तावीस दिवस

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राजांचा शिलालेख असलेलं लेणं आहे. त्या लेण्यात मी उभी होते ते जेमतेम अडीच तास. तिथवर पोचायला मात्र सत्तावीस दिवस आणि तालुक्याच्या गावाला चार खेपा लागल्या. लेण्याबद्दल लिहिणारे खूप आहेत, म्हणून मी आधी खेपांबद्दल लिहिते. माझ्यासारख्या एखाद्या बाईंना किंवा सरांना त्याचा उपयोग होईल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला इतिहास शिकवते. सातवाहनांच्या धड्यात नाणेघाटच्या शिलालेखाबद्दल सांगत असताना एका मुलीने विचारलं, "बाई, त्या लेखात आकडेपण आहेत का? कसे काढायचे ते?" आहेत, एवढं मला माहीत होतं. कसे काढायचे, ते फळ्यावर दाखवता येईना. त्या रात्री ठरवलं, आपण जाऊन बघायचं.

शनिवार-रविवारी घाटावर गर्दी असते. शांतपणे लेख बघायचा तर आठवड्यातले दिवस हवे. शिवाय जुन्नरला जायचंच तर शिवनेरी आणि लेण्याद्रीही बघून यावं, असं मनात होतं. म्हणून मी गुरुवार-शुक्रवारसाठी अर्ज केला: 'शैक्षणिक अभ्यासासाठी दोन दिवस कर्तव्यकाळ समजावा आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी.' कर्तव्यकाळ म्हणजे ते दिवस रजा न धरता कामाचेच धरायचे. मुख्याध्यापकांनी शिफारस करून दिली, केंद्रप्रमुखांनी त्याच दिवशी सही केली. इथवर काही अडलं नाही.

अडलं ते तालुक्याच्या कार्यालयात. पहिल्या खेपेला अर्ज टेबलावर ठेवून घेतला. आठ दिवसांनी गेले तर त्यावर शेरा होता, 'कोणत्या शासन निर्णयानुसार? खुलासा करावा.' शेरा ज्या दिवशी पडला त्याच दिवशी कुणी फोन केला असता तर माझा एक आठवडा वाचला असता. मी खुलासा लिहिला, धड्याचं नाव, पान, तिथे काय बघणार, परत आल्यावर वर्गात काय घेणार, सगळं दोन पानांत. तो देताना टेबलापलीकडून प्रश्न आला, "बाई, म्हणजे फिरायलाच जायचंय ना?"

हे वाक्य मला अजून टोचतं. एसटीचं भाडं माझं, मुक्कामाचा खर्च माझा. मागत होते ते फक्त दोन दिवस, आणि तेही वर्गासाठी. शिक्षकाने पुस्तकाबाहेर जाऊन काही बघून यावं हे कामात धरत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

तिसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला. अर्ज कुठे आहे, हे कुणालाच सांगता येईना. आवक क्रमांक विचारला, तो माझ्याकडे नव्हता. ही चूक माझी. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय दारातून बाहेर पडू नका. पोच नसेल तर तुमचा अर्ज कधी आलाच नव्हता असं धरलं जातं. चौथ्या खेपेला तो सापडला, विद्यार्थ्यांच्या सहलींच्या प्रस्तावांच्या गठ्ठ्यात. विषयाच्या ओळीत मी 'ऐतिहासिक स्थळांना भेट' असं लिहिलं होतं, ते वाचून कुणीतरी तो तिकडे लावला होता. त्यामुळे विषयाच्या ओळीत पहिला शब्द 'रजा' हवा, स्थळ नंतर.

आमच्याच केंद्रातल्या एका सरांनी मला दफ्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा दाखवला. फाईल साधारणपणे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर पडून राहू नये, असं त्यात म्हटलंय. मी तो कुणाच्या तोंडावर फेकला नाही. पण चौथ्या खेपेला आवाज न चढवता "आज लेखी उत्तर घेऊनच जाईन" एवढं म्हणता आलं, ते त्या कागदामुळे. तिथे दीड तास बसून राहिले. शेवटी एका वयस्क कर्मचाऱ्याने हळूच सांगितलं, "बाई, कर्तव्यकाळ मागू नका. साधी किरकोळ रजा टाका, तुमचे मुख्याध्यापकच मंजूर करतील. मुख्यालय सोडायची परवानगीही त्याच अर्जात मागा."

दुसऱ्या दिवशी शाळेत पाच मिनिटांत सही झाली. पाच मिनिटं! हेच पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर?

आता नाणेघाट. जुन्नरहून घाटघरकडे जाणाऱ्या एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत, परतीची वेळ आधी विचारून ठेवा. लेणं पश्चिमेला, कोकणाकडे तोंड करून आहे, म्हणून दुपारनंतर उजेड चांगला आत येतो. बॅटरी समोरून मारू नका, भिंतीला लागून तिरपी धरा, म्हणजे अक्षरांच्या खाचा सावलीने उठून दिसतात. लेखाचं छापील वाचन बरोबर न्या. अक्षरं फार झिजली आहेत, नुसत्या डोळ्यांनी ओळ लागत नाही. आणि कृपा करून खाचांत खडू भरू नका.

मागच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता त्यांच्या पायांच्या खुणा उरल्यात आणि वर कोरलेली नावं. 'सिमुक सातवाहनो' हे नाव मी बोटाने, भिंतीला न लावता, हवेत गिरवलं. शेजारी देवी नायनिका, म्हणजे आपली सातवाहन राणी नागनिका, आणि राजा सातकर्णी. बाजूच्या भिंतींवरच्या मोठ्या लेखात यज्ञांत दिलेल्या दक्षिणांची यादी आहे. एका ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती. आणि दुसरीकडे 'गावो बारस', म्हणजे बारा गाई, त्यापुढे आकड्यात १२, आणि एक घोडा. बारस! दोन हजार वर्षांपूर्वीचा प्राकृत शब्द, आणि आपला 'बारा' त्यात सरळ दिसतोय. मी तिथेच खाली बसले.

सोमवारी फळ्यावर आधी एक आडवी रेघ काढली, म्हणजे १. दोन रेघा, म्हणजे २. मग माशासारखी दिसणारी खूण, ती १०. माशापुढे दोन रेघा ठेवल्या आणि विचारलं, हे किती? सगळा वर्ग ओरडला, "बारा!" मग त्याच मुलीने विचारलं, "बाई, शून्य कुठंय?" शून्य नाहीच, दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. मुलांनी आपापले हजेरी क्रमांक तसे लिहून वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेत. वीसच्या पुढच्या क्रमांकाच्या मुलांसाठी पुढच्या खुणा पुस्तकातून शोधून द्याव्या लागल्या.

एक राहिलं. अर्जात परतीची तारीख एक दिवस पुढची लिहा. माझी परतीची एसटी चुकली आणि मी रात्री साडेअकराला घरी पोचले, कसंबसं निभावलं.

आता सहावीच्या पोरांना तिथे न्यायचंय. शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, पालकांची संमतीपत्रंही गोळा झालीत. प्रस्ताव या मंगळवारी दिला, दोन प्रतींत. आवक क्रमांक माझ्या पाकिटात आहे.