दोन बोटांची फट

सकाळी उठले तर होडीच्या केबिनच्या दारावरचं सरकतं झाकण पूर्ण लागलेलं.

रात्री मीच ते मागे सारून फटीत लाकडाचा तुकडा अडकवला होता. हवेसाठी दोन बोटं, रोजच्यासारखी. तुकडा सकाळी माझ्या उशाशी मिळाला. म्हणजे रात्री कधीतरी मी उठले, तुकडा काढला, झाकण ओढून घेतलं आणि तुकडा हातात धरूनच परत झोपले असणार. यातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. गार वारा लागला असेल. हाताला जे सुचलं ते हाताने केलं.

गॅसचा हीटर बंद होता. नॉब बंद, सिलिंडरची चावी बंद. तीनदा बघितलं. काल झोपण्याआधी मी तो आठवणीने बंद केला होता. परवा केला नव्हता. परवा मंद ठेवून झोपले होते, कारण फट होती ना.

होती का? परवाचं आता कोण सांगणार. तेव्हाही सकाळी तुकडा खाली पडलेला होता, मी म्हटलं लाटेने पडला असेल. डोकं जड होतं, जरा मळमळत होतं, तेही मी लाटेच्याच खात्यावर टाकलं. होडीत भीती याचीच. हीटरच्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड अंगात भिनण्याची सुरुवात आणि बोट लागण्याची सुरुवात सारखीच असते. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त ओढीने धरून ठेवतं. त्यात माणसाला नीट विचारही सुचेनासा होतो. म्हणजे ज्या हाताने झाकण उघडायचं, तोच आधी लुळा पडतो. माझा हात तर नुसत्या थंडीने फितूर झाला.

या वायूचा अलार्म आहे की, असं सकाळपासून स्वतःला समजावत होते. शेवटी तो भिंतीवरून काढून पाठीमागची तारीख पाहिली. बदलायची तारीख केव्हाच उलटून गेली आहे. दर आठवड्याला मी टेस्टचं बटण दाबायचे, तो किंचाळायचा, माझं समाधान व्हायचं. ते बटण बझर आणि सर्किट तपासतं. आतल्या सेन्सरला वायू कळतो की नाही, ते त्यावरून समजत नाही. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं आणि तरी.

दुपारी बराच वेळ बंकवर, झोपायच्या फळीवर, नुसती बसून होते. सगळं एकटीनेच का बघायचं, एवढंच डोक्यात. दोघं असतो तर एकाला तरी जाग आली असती. दादाला फोन लावला आणि त्याने उचलायच्या आत ठेवला. आबा याच केबिनमध्ये कंदील लावून झोपायचे. जाऊ दे.

त्या हीटरची ऊबही धड नव्हतीच. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं, आणि धुराला बाहेरची वाट नसेल तर ते सगळं केबिनमध्येच राहतं. काचांवर, लाकडावर, गादीखाली. मी रोज सकाळी फडक्याने पुसत होते, बाहेरचं दव समजून. आणि गळती झालीच तर हा गॅस हवेपेक्षा जड, तो सरळ बिल्जमध्ये, होडीच्या तळाच्या पोकळीत, उतरून साठतो. मग एक ठिणगी पुरते. दोन बोटांच्या फटीने यातलं काय अडणार होतं? हवा नीट खेळायला खाली एक आणि वर एक अशा दोन वाटा लागतात, त्याही बंद न होणाऱ्या.

धक्क्याला बांधलेली असताना विजेचा हीटर बरा, त्यात काही जळतच नाही. पण नांगर टाकून राहायचं तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर १,००० वॉट म्हणजे ८० अँपियरच्या वर. माझी बॅटरी तासभरही टिकणार नाही. लाकडाची छोटी शेगडी मला मनापासून आवडते. पण धुराडं आलं, भोवती न जळणारं अस्तर आलं, आणि एवढ्याशा केबिनमध्ये तापलेलं लोखंड गुडघ्याशी आलं.

राहिला डिझेलचा. जळायला लागणारी हवा तो एका नळीने बाहेरून घेतो, धूर दुसऱ्या नळीने बाहेर सोडतो, केबिनची हवा फक्त तापलेल्या धातूवरून फिरून येते. ज्योतीचा आणि माझ्या श्वासाचा संबंधच नाही. २ किलोवॉटचा असेल तर तासाला पाव लिटरपर्यंत डिझेल. सुरू होताना काही मिनिटं ८-१० अँपियर ओढतो, मग एक-दोनवर येतो. वर्षभर मी नको म्हणत होते. होडीच्या अंगाला भोक पाडायचं, एक्झॉस्टच्या नळीला वेष्टण घालायचं, तिचं तोंड दारं-झडपांपासून लांब काढायचं. त्यापेक्षा फट सोपी. फटीला भोक नको, खर्च नको. फटीला फक्त मी लागत होते, जागी.

संध्याकाळी हातावरचा राग ओसरला. त्याला थंडी वाजली, त्याने झाकण लावलं. झोपेतला हात दुसरं काय करणार? मीच त्याच्यावर नको तेवढं सोपवलं होतं.

दादाला पुन्हा फोन केला, या वेळी ठेवला नाही. झाकणाचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भोक पाडायला मी येतो. तू मापं घेऊन ठेव." डिझेलच्या हीटरचाही एखादा सांधा सुटू शकतो, म्हणून आधी नवा अलार्म, बोटींसाठीच्या ईएन ५०२९१-२ मानकाचा. हीटर त्यानंतर.

आज रात्री काही पेटतं ठेवणार नाही. झाकण सताड उघडं ठेवून पाणी तापवलं, रबरी पिशवी भरून पायाशी घेतली आहे आणि स्टोव्ह विझवला आहे. लाकडाचा तुकडा दोरीने बाहेरच्या कडीला बांधून टाकलाय. झाकण मागे सरकवून बाहेर पडता येतं, पण ते लावायचं झालं तर आधी टॉर्च शोधून, हातमोजे काढून गाठ सोडावी लागेल.

वारा सरळ मानेवर येतोय. टोपी खाली ओढून घेतली.