दगड कुठला?

मुंबईत गाइडचं काम करायला लागून मला बारा वर्षं झाली. गेटवेसमोरचं भाषण तर झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. १९११ साली राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी आले, ३१ मार्च १९१३ ला पायाभरणी झाली, १९२४ मध्ये उद्घाटन झालं, वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट. पुढं फोटोसाठी दहा मिनिटं.

डिसेंबरातल्या त्या शनिवारी लातूर जिल्ह्यातली अठरा माणसं सकाळच्या गाडीनं सीएसएमटीला उतरली. रविवारी रात्री परत. पुढारी एक निवृत्त गुरुजी, हातात वेळापत्रकाचा कागद. मी तोंडाचा पट्टा सुरू केला. जीपीओपाशी, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयापाशी आलो, घुमट विजापूरच्या गोल घुमटासारखा आहे म्हटलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, ह्यात तीन जागचा दगड हाय ना?"

धोतर, पांढरी टोपी, सत्तरीच्या पुढचं वय. सगळे त्यांना मामा म्हणत होते. पाथरवट. जाती, पाटे-वरवंटे, उखळं घडवण्यात आणि गावोगाव फिरून त्यांना टाकी, म्हणजे छिन्नी लावण्यात उमर गेलेली. "मिक्सर आला आन् आमचा धंदा बसला," हे त्यांनी अगदी हवापाण्यावर बोलावं तसं सांगितलं.

तीन जागचा दगड आहे हे खरं. काळा इथलाच, पिवळा कुर्ल्याचा, पांढरा गुजरातेतल्या ध्रांगध्र्याचा. मी हे कधीतरी वाचलं होतं, पण सांगायची वेळ बारा वर्षांत आली नव्हती. लोक विचारतात ते शाहरुखचं घर, स्वच्छतागृह आणि वडापाव, आणि त्यात चूक काही नाही.

गेटवेला पुन्हा तेच. "दगड कुठला?" खरोडीचा, म्हटलं, इथल्याच मालाडकडचा, पिवळा बेसॉल्ट. जाळ्या ग्वाल्हेरहून आणल्यात. मामा जाळीखाली मान वर करून इतका वेळ उभे राहिले की गुरुजी कागद हलवायला लागले. मरीन ड्राइव्हला सगळ्यांनी भेळ खाल्ली. मामा कठड्यावर बसून राहिले, समुद्राविषयी चकार शब्द बोलले नाहीत.

रविवारी सकाळी लाँचनं घारापुरी. तासाभराचा प्रवास. दोघींना मळमळलं, बाकीच्यांनी सीगलना शेव घातली. (घालू नका म्हणून मी नेहमी सांगते. कोणी ऐकत नाही.) शंभरावर पायऱ्या चढून वर आलो, एका माकडानं गुरुजींच्या हातातली काकडी पळवली आणि आम्ही मोठ्या लेण्यात शिरलो.

आत माझी ठरलेली वाट म्हणजे थेट सदाशिवाकडं. मामा मात्र खांबांतच अडकले. पहारेकऱ्यानं हात लावू नका म्हणून आधीच दटावलं होतं, म्हणून दोन्ही हात पाठीमागं बांधलेले. नातवाला मोबाइलची बत्ती आडवी धरायला लावली आणि एकेका खांबाला फेरी घालायला लागले. "ह्यो जुना. ह्योबी जुना. ह्यो मागाहून बसवलेला." उजेड तिरपा पडला की जुन्या खांबावर टाकीचे घाव दिसत होते, कुठं दाट, कुठं विरळ. दुसऱ्यावर तसं काहीच नाही.

लेण्यातले बरेच खांब मोडले होते आणि पुरातत्त्व खात्यानं ते पुन्हा उभे केलेत. हे मला ठाऊक होतं, पण मी ते कुणाला सांगत नसे. सहाव्या शतकातलं लेणं बघायला आलेल्या माणसाला 'हा खांब नवा' सांगितलं की त्याचा चेहरा पडतो.

"मोडले तवा छत कसं नाही आलं खाली?" गुरुजींनी विचारलं. मामा हसले. "गुरुजी, हितं खांबानं छत पेललंच न्हाई. एकच डोंगुर हाय. छतानंच खांबाला धरलंय." जुन्या फोटोंत खांब खालून तुटलेला आणि वरची उशी छताला तशीच लोंबकळणारी मी कितीदा पाहिलीय. त्याचा अर्थ असा एका वाक्यात मला कधी सांगता आला नव्हता.

सदाशिवासमोर मी तीन मुखांचं सांगितलं. मधलं शांत तत्पुरुष, एका बाजूला उग्र अघोर, दुसरीकडं कोमल वामदेव. मूर्तीची उंची अठरा फुटांच्या आसपास. मामांनी नमस्कार केला आणि नातवाला हळूच म्हणाले, "नाकापुरता दगड आधी राखून ठेवावा लागतो. एकदा उडाला की जोडायला दुसरा न्हाई." मग सगळेच नाकाकडं बघायला लागले. मीसुद्धा.

परतीच्या लाँचवर मी घारापुरीच्या दगडी हत्तीची गोष्ट सांगितली. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. पुढं इंग्रजांनी तो हलवायला घेतला तेव्हा फुटला. जोडलेला हत्ती आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

"सांधे दिसत्यात का त्याचे?"

मी शेकडो लोकांना तो हत्ती दाखवलाय. सांध्यांकडं कधी लक्षच दिलं नव्हतं. तसं सांगितलं. धक्क्याला लागेपर्यंत संग्रहालय बंद झालं होतं आणि रात्रीची गाडी चुकवून चालणार नव्हतं. मामा "बरं" म्हणाले.

मंगळवारी दुपारी मोकळी होते, भायखळ्याला गेले. सांधे दिसत होते. वाकून, उकिडवं बसून चार-पाच फोटो काढले आणि गुरुजींच्या नंबरवर पाठवले. संध्याकाळी उत्तर आलं:

"मामा विचारतात, मागच्या बाजूनं का नाही काढला?"