काळजी घ्यावी की करावी?

आज सकाळी नाशिकरोड स्थानकावर मुलीला पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसवून दिले. गाडी हलली तशी माझी आई खिडकीचा गज धरून दोन पावले चालली आणि म्हणाली, "काळजी घे गं." आतून उत्तर आले, "आजी, तू काळजी करू नकोस." शब्द एकच, पण क्रियापद बदलताच एकीच्या तोंडी तो जपणूक झाला आणि दुसरीच्या तोंडी घोर.

रिक्षातून परतताना तोच डोक्यात घोळत राहिला. काळजीचे नाते काळजाशी सांगितले जाते, आणि काळीज संस्कृतातल्या 'कालेय'कडे, म्हणजे यकृताकडे, नेले जाते. मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर आजही यकृतच मिळते. धडधडते, तुटते किंवा चर्र होते ते मात्र हृदय! चिंतेचे तसे नाही. ती 'चिंत्' या विचार करण्याच्या धातूपासून आली असल्याने चिंतनाची सख्खी बहीण आहे, डोक्यात राहते, आणि म्हणूनच बहुधा आपण "चिंता घे" असे कोणाला कधी सांगत नाही. काळजी लागते, वाटते, वाहिली जाते, इतकेच काय, सरकारसुद्धा काळजीवाहू असते. ती नसलेल्याला मात्र आपण निश्चिंत न म्हणता निष्काळजी म्हणून झापतो.

दुपारी "पोहोचले" असा मेसेज आला. आईला वाचून दाखवला, तर म्हणाली, "जेवली का ते विचार."