तुम्ही विचारलंत म्हणून: तुमचे कागद मी ठेवून का घेत नाही

“म्याडम, मागच्या वर्षी तुमच्याकडंच दिलती की सगळी कागदं. आता परत कशाला?”

जून महिन्यात, दाखल्यांच्या गर्दीत, माझ्या झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं. कुणी मायेनं विचारतं, कुणी रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. पलीकडच्या दुकानात नुसतं नाव सांगितलं की सगळं निघतं, तिकडं जाऊ का, असंही म्हणतात. जरूर जा. पण उत्तर एकदा नीट देते, कारण मागं रांग थांबलेली असताना ते अर्धवटच दिलं जातं आणि मी आडमुठी ठरते.

काम झालं, पावती हातात पडली की तुमच्या आधारचा, पॅनचा, रेशनकार्डाचा स्कॅन मी तुमच्यासमोर पुसते. डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधूनही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटोही उडवते. काळी आलेली, तिरकी आलेली झेरॉक्स बारीक फाडूनच डब्यात जाते. जुनं मशीन विकलं तेव्हा आतली हार्ड डिस्क काढून घेतली आणि घेणाऱ्यानं त्यापायी भाव पाडला. मोठ्या डिजिटल मशीनमध्ये अशी डिस्क असू शकते आणि काचेवर ठेवलेल्या कागदाचं चित्र तिच्यावर राहू शकतं, हे बऱ्याच दुकानदारांनाही ठाऊक नसतं.

मी पहिल्यापासून अशी नव्हते. कोल्हापूरच्या राजारामपुरीत हे दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाइकाच्या नावानं फोल्डर करायचे. आडनाव, नाव, गाव. उचगावहून फोन आला तरी उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म भरून ठेवायचे, माणसानं फक्त सहीला यायचं. एका आजींचा एसटीचा एक हेलपाटा वाचायचा. त्याला आजही चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लोकांना हवं होतं ते मी करत होते.

मग बावड्याच्या एका बाईंचं प्रकरण झालं. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. बचत गटातून कर्ज काढून त्यांना शिलाई मशीन घ्यायचं होतं. चौकशीला गेल्या तर त्यांच्या नावावर आधीच एक कर्ज थकलेलं निघालं. मोबाईल अ‍ॅपवरून काढलेलं. बाईंकडं बटणांचा साधा फोन. त्या तिथून तडक माझ्याकडं आल्या, सोबत दीर. दुकानात बारावीची पोरं, त्यांचे आईबाप, सगळे दाटीवाटीनं उभे.

“कागदं हितंच दिलती. दुसरीकडं कुठं गेलीच न्हाई ती,” दीर म्हणाला. बाई माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या मॉनिटरकडं बघत होत्या, त्यावर आपलं नाव कुठं दिसतंय का ते शोधावं तशा.

मला वाटलं, सगळं उघडून दाखवलं की विषय मिटेल. त्यांचा फोल्डर उघडला. आत आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, फोटो. दीर रांगेकडं वळून म्हणाला, “बघा, हाय की सगळं हितं!”

त्यानंतर मी काय बोलले ते कुणी ऐकलं नाही. एका बाईंनी आपल्या मुलीचे कागद काउंटरवरून उचलून पिशवीत घातले आणि त्या निघून गेल्या. पोलीस ठाण्यात मला बोलावणं आलं. दुपारभर बाकावर बसले, कुणी उर्मट वागलं नाही, तरी बाहेर पडल्यावर गाडीला किल्ली लावताना हात थरथरत होता. बाईंची 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार मीच नोंदवून दिली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकाला वर्षातून एकदा कर्जाचा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तोही मीच काढून दिला. त्यावर कर्ज देणाऱ्याचं नाव होतं. त्यांच्याकडं पाठपुरावा करून करून अखेर कर्जाला जोडलेले कागद हाती आले.

त्यातल्या आधारवर पत्ता जुना होता. बाई आधी भाड्यानं राहायच्या त्या घराचा. माझ्याकडं त्या पहिल्यांदा आल्या त्या पत्ता बदलून झाल्यावर, त्यामुळं माझ्याकडच्या स्कॅनवर नवा पत्ता. शिवाय त्या कागदाच्या डाव्या कडेला दोन गोल काळे डाग होते, फाईलला लावायला पंच केलेल्या भोकांचे. म्हणजे कुठल्या तरी कार्यालयात, कुठल्या तरी फायलीत रीतसर लावलेली ती झेरॉक्स होती आणि कुणीतरी तिचा फोटो काढला होता. सिमकार्डासाठी दिलेली, गॅससाठी दिलेली, शाळेत दिलेली, घरमालकाला दिलेली, दवाखान्यात दिलेली? बाईंना आठवेना. कुणाला आठवेल?

“ऱ्हाऊ द्या म्याडम, झालं ते झालं,” दीर म्हणाला. बाई पुन्हा दुकानात आल्या नाहीत. त्या दिवशी रांगेत असलेल्यांना ते दोन काळे डाग दाखवायला मी कुठं कुठं जाणार होते?

त्याच आठवड्यात सगळे फोल्डर पुसले. यावर आधीची मी मला विचारते: अगं, तुझ्याकडचा स्कॅन होता म्हणून तर नवा पत्ता दाखवता आला. आता कुणी बोट दाखवलं तर काय दाखवशील? बरोबर आहे तिचं. माझ्याकडं त्याला तोड नाही. फक्त एवढं जाणवतं की शेकडो घरांचे आधार आणि पासबुकं एका साध्या कॉम्प्युटरवर ठेवून मी रात्री शटर ओढून घरी जात होते. ते सांभाळायची ना माझी ऐपत, ना मला कुणी तसं शिकवलेलं.

“आमच्यात लपवण्यासारखं काय हाय?” हेही विचारता. बाईंनीही काही लपवलेलं नव्हतं.

कायदा आला ना, असं शिकलेले लोक म्हणतात. आला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट 2017 मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. 2018 च्या निकालानं आधार कायद्याच्या कलम 57 मधला खासगी कंपन्यांना मोकळीक देणारा भाग रद्द केला. तरी आजही हॉटेलपासून क्लासपर्यंत पहिली मागणी आधारच्या झेरॉक्सचीच असते. डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, त्याचे नियम निघायला नोव्हेंबर 2025 उजाडला आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना तिथून पुढं 18 महिन्यांची सवड. काम संपलं की माहिती पुसा, असं त्यात आहे, आणि दंड 250 कोटींपर्यंत. पण हा कायदा डिजिटल माहितीपुरता. कागदावर घेतलेली आणि कागदावरच राहिलेली माहिती त्याच्या कक्षेत येत नाही. ज्या पंच केलेल्या झेरॉक्सनं बाईंना बुडवलं, ती फायलीत आहे तोवर कायद्याला दिसतच नाही. फायली रद्दीत जातात तेव्हाही दिसत नाही.

आणि याच कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(ञ) मध्ये बदल केला. माझ्याकडं माहिती अधिकाराचे अर्ज टाइप करून घ्यायला एक निवृत्त गृहस्थ येतात. रस्त्याची बिलं कुणाला दिली, यादीत नावं कुणाची, असले अर्ज. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही असं काहीतरी दाखवावं लागायचं. आता वैयक्तिक आहे एवढं म्हटलं की पुरतं. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची वाट कलम 8(2) मध्ये अजून आहे, असं सरकार सांगतं. ते गृहस्थ मला म्हणाले, “तुमच्या खासगीपणाच्या नावाखाली आमचं दार लावलं.” मला ते लागलं. बाईंचं पासबुक आणि ठेकेदाराचं बिल एका मापानं मोजा, असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण ही रेघ कुठं ओढायची ते मला आखून दाखवता येत नाही, हेही त्यांना सांगितलं.

मला जमतं तेवढं मी करते. आधारच्या संकेतस्थळावरून मास्क केलेली प्रत काढून देते, तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ती काही ठिकाणी घेत नाहीत, मग तुम्ही माझ्यावर चिडता. बोटांचे ठसे लॉक करून देते. आधार कुठं कुठं वापरलं गेलं त्याची मागच्या सहा महिन्यांची नोंद तिथंच बघता येते, ती दाखवते. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख, हे दोन्ही छापील मजकुरावरून आडवं लिहायला सांगते.

तरीही लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी बायका आपला फोन माझ्या हातात देत होत्या, ओटीपी तूच बघ म्हणत होत्या. नवऱ्याचा किंवा वडिलांचा ओटीपीही लागायचा, तो फोनवरून ओरडून सांगितला जायचा आणि सगळी रांग ऐकायची. तिथं माझे सगळे नियम तोकडे पडले. मी ओटीपी वाचून टाकले, नाहीतर त्यांचे महिन्याचे 1,500 रुपये अडकले असते.

ज्यांना दर वेळी कागद आणणं झेपत नाही त्यांचे स्कॅन मी मेमरी कार्डावर घालून त्यांच्याच हातात देते. उचगावच्या आजींनी ते कार्ड परत माझ्यापुढं सरकवलं. “तुझ्यापाशीच ठेव गं, मला कुठं सांभाळतंय हे एवढुसं.” मी नाही म्हटलं. त्या रागावल्या. सुनेकडं द्या म्हटलं तर म्हणाल्या, तिच्यापेक्षा तू बरी. अजून त्या दोघींत आणि माझ्यात यावर एकमत झालेलं नाही, आणि कार्ड सध्या आजींच्या पासबुकाच्या पिशवीत आहे.