पळून नाही ना जात?

दादाने सहज विचारलं आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेला. मी मात्र रविवारपासून तिथंच अडकून बसले आहे.

त्याचा व्यापारी आला नाही. थॉमसन द्राक्षांचा सौदा झालेला, इसार दिलेला, शुक्रवारी तोड लावतो म्हणाला आणि नंतर फोन बंद. मधल्या आठवड्यात भाव उतरला, दुसरं काय कारण असणार! निफाडकडच्या माणसाला यात नवल नाही. 2020 मध्ये दिघावकर साहेब नाशिक परिक्षेत्राचे पोलीस आयजी असताना असल्या व्यापाऱ्यांकडून वसुलीची मोहीम निघाली होती, तेव्हा दादा उठता-बसता त्यांचंच नाव घ्यायचा. तरी दर हंगामात कुणाचा ना कुणाचा व्यापारी पळतोच.

तो वैतागला होता, म्हणून मी माझं पुराण काढलं. शेअर बाजारात मी पुट विकते म्हणजे नक्की काय करते, हे त्याला त्याच्या मालावर समजावलं. समज, आज भाव 60 चाललाय. तू मला किलोमागे 2 रुपये आधीच दे. महिनाअखेरीला भाव 35 वर आला तरी मी 55 ने उचलणार. चढला तर तू खुशाल बाहेर विक, ते 2 रुपये माझे.

दादा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "असा माणूस कुठं भेटतो गं? मी तं 3 देतो त्याला."

आणि मग, "पण पडला भाव तं तू खरंच घेती? पळून नाही ना जात?"

"पळताच येत नाही," मी म्हटलं. "पैसे अडकवलेले असतात ना."

"हां, मग बरोबर," म्हणाला, आणि उरलेल्या मालाचा बेदाणा परवडेल का यावर बोलत बसला.

मग बरोबर. म्हणजे पैसे अडकलेत म्हणून तू उभी आहेस, एरवी तूही गेली असतीस. तो असं म्हणाला नाही. पण मला तसंच ऐकू आलं.

आणि मी सांगितलं तेही अर्धंच खरं. 1400 चा पुट, म्हणजे एक शेअर पडला तरी 1400 ने उचलायची हमी. लॉट पाचशे शेअरचा, म्हणजे सात लाखांची जबाबदारी. पण ब्रोकर सुरुवातीला जेमतेम पावणेदोन लाख अडकवतो. एक्स्पायरीच्या, म्हणजे मुदत संपण्याच्या आठवड्यात हे अडकवलेलं मार्जिन चढत जातं, कारण ऑक्टोबर 2019 पासून सगळ्या स्टॉक ऑप्शनमध्ये शेअरची प्रत्यक्ष देवघेव होते, नुसत्या फरकाच्या पैशांवर सुटका नाही. तरी बाकीचे सव्वापाच लाख मी लिक्विड फंडात, लगेच मोडता येतील असे, वेगळे ठेवते ते माझ्याच हट्टाने. तसा नियम कुणी केलेला नाही. (ते पैसे कसले आहेत हे दादाला माहीत आहे. त्यावर आम्ही बोलत नाही.)

पळायचं म्हटलं तर दार सताड उघडं असतं. विकलेला पुट परत विकत घ्यायचा, की मोकळं. त्यात कुणाची फसवणूकही नाही. माझ्या जाण्याने कुणाची द्राक्षं वेलीवर सडत नाहीत. समोर सौद्यांची हमी घेणारं क्लिअरिंग कॉर्पोरेशन असतं, माझ्या जागी दुसरा कुणी उभा राहतो. बाजारात याला कुणी पळणं म्हणत नाही, उलट शिस्त म्हणतात.

मग मला का लागलं?

कारण गेल्या महिन्यात नवऱ्याला, मिलिंदला, मीच ठणकावून सांगितलं होतं, 1400 ला मला तो शेअर हवाच आहे. मिळाला तर आनंद, नाही मिळाला तर शेअरमागे 42 रुपये प्रीमियम (द्राक्षांतले ते 2 रुपये), म्हणजे पाचशेचे एकवीस हजार. दोन्ही बाजूंनी माझंच भलं. तेव्हा शेअर 1510 ला होता आणि तिथून 1400 केवढं स्वस्त दिसत होतं. नंतर तिमाही निकाल आले. वाईट नव्हते, नफ्याचं मार्जिन किंचित कमी, तेवढ्यावर हा पठ्ठ्या दोन दिवसांत 1345. माझा 42 ला विकलेला पुट 90 ला. कंपनी तीच, 1400 तेच, आणि मला ते एकदम महाग वाटायला लागलं. हवाच आहे म्हणणारी बाई कुठे गेली कोण जाणे. एवढं प्रीमियम कुणी उगाच देत नाही, हा शेअर असा उधळतो म्हणूनच देतात, हे मला आधीही माहीत होतं. माहीत असणं वेगळं, आणि त्या लाल आकड्याकडे बघत पोळ्या लाटणं वेगळं.

मिलिंदने संधी साधून बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा आकडा ऐकवला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये शंभरातल्या 93 जणांनी पैसे घालवले, मिळून 1.8 लाख कोटींच्या वर. मला पाठ आहे तो. माझ्यामागे पूर्ण रोकड आहे, मी उसनवारीवर खेळत नाही, असं म्हटलं, तर म्हणतो, "त्या 93 जणांकडेही काहीतरी उत्तर असणारच." एखाद्याने इतकं बरोबर बोलू नये.

रविवारी रात्री झोप आली नाही. पडेल ते आपण झेलायचं, हा माझा स्वभावच आहे की काय, असं वाटत राहिलं. आईच्या वेळी रात्री बसायला कोण होतं? वहिनीच्या त्या प्रकरणात... जाऊ दे.

मग 4 जून 2024 आठवला. लोकसभेचा निकाल, निफ्टी जवळपास 6 टक्के खाली, आणि मी माझे पुट घेऊन ढिम्म बसले होते. तो किस्सा मी किती जणांना सांगितला असेल! घाबरले नाही, रोकड होती ना पाठीशी. आता आठवतंय की त्या दिवशी दुपारपर्यंत माझं ॲप धड उघडतच नव्हतं. उघडलं असतं तर?

दादा, तू द्राक्षांचंच बोलायचंस रे.

माझ्या बाजूने एवढंच म्हणता येईल की सोमवारी सकाळी मी लिक्विड फंड मोडायला टाकला, डिलिव्हरी आलीच तर पैसे खात्यात हवेत म्हणून. पळणारी बाई असं करत नाही. की करते, आणि मग पळते?

मंगळवारी एक्स्पायरी. (पूर्वी गुरुवार असायचा, सप्टेंबर 2025 पासून मंगळवार झाला. माझी बोटं अजून गुरुवारीच ॲप उघडतात.) तोवर शेअर रांगत रांगत वर आला होता. अंबडला आमच्या ऑफिसात दुपारचा चहा येतो तीनला. 1394. 1402. 1397. शेवटच्या मिनिटाला काय होतं याला अर्थ नसतो, तीन ते साडेतीनच्या सौद्यांची भारित सरासरी हा बंद भाव, आणि तो 1400 च्या खाली एक पैसा जरी असला तरी पाचशेच्या पाचशे शेअर अंगावर. पुट 3 रुपयांवर आला होता. दीड हजार टाकले की सुटका, वर साडेएकोणीस हजार खिशात. ऑर्डर भरून तयार होती. फक्त बोट टेकवायचं बाकी. बशीत सांडलेला चहा फायलीपर्यंत चालला होता तो मी दुसऱ्या हाताने पुसत होते, हे स्पष्ट आठवतंय.

तेवढ्यात मॅडम आल्या. जीएसटीचं एक इनव्हॉइस जुळत नव्हतं. मी फोन पालथा घातला. परत सरळ केला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. बंद भाव 1396 आणि काही पैसे.

तर मी पळाले नाही. किंवा मला पळायला वेळ मिळाला नाही. काल रात्रभर यावर विचार केला आणि पहाटे लक्षात आलं की डिमॅटमध्ये असा रकानाच नसतो. तिथे फक्त पाचशे नग दिसणार. 1400 ला घेतले, 42 आधीच मिळालेले, म्हणजे मला पडले 1358 ला. हिशेबाने मी एकोणीस हजारांनी वरच आहे, हे जरा उशिराच ध्यानात आलं. शिवाय हवाच होता ना शेअर? घ्या.

आता 1440 चा कॉल विकावा म्हणते. म्हणजे त्याच्या वर चढला तर 1440 ला द्यायचा. देताना जीव वर-खाली होईलच, तेव्हाचं तेव्हा.

अडचण वेगळीच आहे. ओवीच्या क्लासची फी दहा तारखेला आहे आणि लिक्विड फंड रिकामा. मिलिंदला अजून सांगितलेलं नाही. एक्स्पायरी होऊन गेली एवढंच त्याला माहीत, म्हणून आज सकाळी ऑफिसला जाताना स्वतःहून गंगापूर रोडला मिसळीला घेऊन गेला. "किती सुटले मग?" म्हणाला.

"पाचशे."

"एवढंच?" त्याने माझ्या वाटीत आणखी तर्री ओतली. "असू दे, तोटा तर नाही."

पाव गरम होते. मी खात राहिले.